विलायतेत विजेचा घोळ घालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

हॅरोला किंवा लेस्टरला नव्या घरात आलात, अभिनंदन. इथे वीज कुठल्या कंपनीकडून घ्यायची हे ग्राहक निवडतो, आणि आपल्याला साधायचंय ते हे, की आपल्याला न विचारताच आपली जोडणी भलत्या कंपनीकडे जावी आणि तिथेच अडकावी. त्यासाठी चाव्या हातात पडल्यावर एकच पथ्य पाळा: मीटरकडे फिरकू नका. तो बहुतेक जिन्याखालच्या कपाटात असतो. तिथे वाकून टॉर्च मारायची, त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढायचा, वर फोटोत मीटरचा सिरियल नंबरही आलाय ना हे बघायचं, असले उद्योग रिकामटेकड्यांनी करावेत. फोटो नसला म्हणजे सुरुवातीचा आकडा कंपनी अंदाजाने लावते. पुढे त्या अंदाजाशी भांडायला तुमच्या हातात काही नसतं. हीच तर आपल्याला हवी असलेली पायाभरणी.

महावितरणकडून आणलेली एक समजूत मात्र जिवापाड जपा, की बिलावर नाव लागलं म्हणजे वीज आपली झाली. ब्रिटनमध्ये नावाला कोण विचारतो? प्रत्येक वीजजोडणीला तेरा आकडी एमपॅन नंबर असतो आणि कंपन्यांचा सगळा व्यवहार त्या नंबरावर चालतो. सुरुवातीचे दोन आकडे प्रदेशाचे. लंडनचे १२, वेस्ट मिडलँड्सचे १४. मीटर बदलला तरी हा नंबर बदलत नाही. म्हणून फोनवर नंबर विचारला, तर मीटरच्या तोंडावरचा सिरियल नंबर ठासून सांगा. दोन्ही नंबरच, शिवाय दोन्ही लांबलचक!

आता कंपनीची ही नको असलेली बदली घडवून आणायची कशी, याची चिंता नको. ते काम वरच्या मजल्यावरचे शेजारी करतील. जुनं घर कापून त्याचे तीन फ्लॅट केलेले असले, तर एकाच दाराला कुठे ‘फ्लॅट १’, कुठे ‘ग्राउंड फ्लोअर फ्लॅट’, तर कुठे ‘२२ ए’ म्हणतात. शेजारी स्वस्त टॅरिफ, म्हणजे विजेचा दर, शोधायला बसतात, पोस्टकोड टाकतात, यादीतला बरा वाटेल तो पत्ता निवडतात आणि स्वतःऐवजी तुमची जोडणी नव्या कंपनीला देऊन टाकतात. नवीन वसाहतीत हेच काम बिल्डरचा प्लॉट नंबर करतो, कारण प्लॉट ७ म्हणजे घर क्रमांक ७ असेलच असं नाही. जुलै २०२२पासून बदली पाच कामकाजी दिवसांत उरकते, त्यामुळे फार वाटही पाहावी लागत नाही.

तेवढ्यात दोन पत्रं येतील. जुनी कंपनी ‘आपण चाललात, वाईट वाटलं’ म्हणेल, नवी स्वागत करेल. नवीच्या पाकिटावर ‘द ऑक्युपायर’, म्हणजे ‘घरात राहणारा’, एवढंच लिहिलेलं असू शकतं. आपलं नाव ऑक्युपायर नाही, तेव्हा पाकीट सरळ रिसायकलिंगच्या डब्यात.

पहिलं बिल आलं की फोन करा, पण ‘एरोनियस ट्रान्सफर’, म्हणजे चुकीची बदली, हे दोन शब्द चुकूनही उच्चारू नका. ते ऐकले की प्रकरण वेगळ्या रांगेत जातं. नियमाने जुनी किंवा नवी, ज्या कंपनीला तुम्ही गाठाल तिनेच ते निस्तरायचं. तुम्हाला दुसरीकडे पिटाळायचं नाही. मागितलंत तर पाच कामकाजी दिवसांत लेखी खुलासा, वीस कामकाजी दिवसांत जोडणी परत पाठवत असल्याचा निर्वाळा. चुकीच्या बदलीसाठी आणि मुदती हुकल्या तर ऑफजेम या वीज-गॅस नियामक संस्थेने भरपाईही लावून दिली आहे, २०२५पासून चाळीस पौंडांची. एवढं सगळं टाळायचं, तर नुसतं म्हणा, “मला तुमची सारखी पत्रं येतायत हो.” पलीकडची व्यक्ती नम्रपणे तुमचं नाव जाहिरातींच्या यादीतून काढेल. बिलं चालूच राहतील.

हुकमी एक्का पुढे आहे. वैतागून जुन्या कंपनीच्या वेबसाइटवर जा आणि नवं गिऱ्हाईक म्हणून पुन्हा नाव नोंदवा. दोन मिनिटांचं काम, आणि आपण प्रश्न सोडवला असा आनंद वेगळा. प्रत्यक्षात तुम्ही चूक दुरुस्त करत नाही, तिच्यावर स्वखुशीची दुसरी बदली चढवता. ठरावीक मुदतीसाठी बांधलेला जुना फिक्स्ड टॅरिफ हातचा जातो, आजच्या दराने नवा करार होतो. चुकीच्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलात, वीज वापरलीत आणि गेलात, सबब ती शेवटचं बिल पाठवते. बदली मुळातून पुसायची तर दोन्ही कंपन्यांनी आपसांत एकच रीडिंग कबूल करून जोडणी मागे न्यावी लागते. फॉर्म भरून ते होत नाही. नीट मागे नेली, तर एकाच विजेचे दोनदा पैसे द्यावे लागत नाहीत. तुम्ही मात्र वसुलीवाल्याच्या धाकाने दोघींनाही भरत राहा.

एक गल्लत आवर्जून करा. आधीच्या भाडेकरूने राजीखुशीने निवडलेली कंपनी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर ती चुकीची बदली नव्हे. घरात शिरल्या दिवसापासून तिच्याशी तुमचा डीम्ड काँट्रॅक्ट, म्हणजे सही न करताच लागू झालेला करार, असतो. तो सोडायला एक्झिट फी नाही. हवी ती दुसरी कंपनी निवडली की काम संपलं. म्हणून नेमक्या इथेच ‘एरोनियस, एरोनियस’ म्हणून तीन आठवडे आरडाओरडा करा. त्या भाडेकरूच्या थकबाकीचं पत्र आलं, तर ताबा घेतल्याची तारीख असलेला भाडेकरार मात्र अजिबात पाठवू नका.

तक्रार तोंडी करा, तारीख लिहून ठेवू नका. आठ आठवडे उलटले की एनर्जी ऑम्बड्समन या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे फुकटात जाता येतं आणि तुम्ही मान्य केलेला त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. पण आठ आठवडे मोजायचे कुठून, हेच ठाऊक नसलं की तो धोका टळतो.

एवढं करूनही वीज जुन्या कंपनीकडे परत आलीच, तर निराश होऊ नका. गॅसचा नंबर निराळा असतो, एमपीआरएन नावाचा, सहा ते दहा आकडी. ड्युअल फ्युएलच्या, म्हणजे वीज आणि गॅस एकाच कंपनीकडून घेण्याच्या, बदलीत तोही त्याच दिवशी गेलेला असू शकतो. त्याच्याबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.