संध्याकाळी मुलांना दाराबाहेर सोडा

गोव्यातल्या सगळ्या आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पोरांना रोज संध्याकाळी तासभर तरी बाहेर खेळायला सोडा. परसात, माडांच्या भाटात, कापणी झालेल्या मळ्यात, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, जिथे जमेल तिथे. आणि तिथे काय खेळायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. फुटबॉलचं कोचिंग, स्विमिंगचा क्लास चांगलाच आहे, पण तो या तासात धरू नका. तिथे शिट्टी मोठ्या माणसाच्या हातात असते.

मी डिचोली तालुक्यात प्राथमिकच्या मुलांना शिकवते. यंदा पहिला पाऊस पडून गेल्यावर मी पहिलीचा वर्ग शाळेच्या मागच्या बाजूला नेला. सगळ्यांनी चपला काढल्या, एक मुलगी काही काढेना. "टीचर, गवत टोचतं," म्हणाली. घर गावातच, आजूबाजूला भाट आणि मळे, तरी पायाच्या तळव्याला गवत माहीत नाही. मी तिचा हात धरून तिला ओल्या मातीत उभं केलं. आधी तिने बोटं आखडून घेतली. मग टाच टेकली. मग हळूच पाय दाबून बघितला आणि बोटांच्या फटींतून गढूळ पाणी वर आलं, तशी ती जी खिदळायला लागली! पुन्हा दाबलं, पुन्हा पाणी. शेजारच्या मुलाला बोलावून दाखवलं. तिला वर्गात परत न्यायला मला बरीच मनधरणी करावी लागली. त्या मुलीत काहीच कमी नव्हतं. तिला कुणी सोडलंच नव्हतं, एवढंच.

बाहेरच्या उजेडाचं महत्त्व तर आता डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. काही शाळांनी मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं, बाकीच्या शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी तपासलं तेव्हा नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं, जादा वेळ बाहेर काढलेल्यांत 30.4 टक्के. त्या शाळांच्या पालकांनाही, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलांना बाहेर न्या, असं सांगितलं होतं. लक्स हे उजेड मोजायचं माप. वर्गातला उजेड 300 ते 500 लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजारांत जातो. त्या प्रखर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि बुबुळामागे डोळा लांबट वाढत जायचा वेग कमी होतो, असं संशोधक मानतात. म्हणजे उन्हात घाम गाळायलाच हवा असंही नाही. माडांच्या सावलीत बसून मातीची भांडी केली तरी डोळ्यांचं काम होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातला तासभर चांगली धावपळ. आणि पडद्यासमोर बसणं तासाच्या आत, कमी तेवढं बरं. आपल्याकडे जेवण भरवताना हातात दिलेल्या मोबाइलवरच हा तास संपतो.

पण डोळे आणि हालचाल एवढ्यासाठीच मी हे लिहीत नाही. मला खरी काळजी वाटते ती गणेश चवथीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची बांधतात त्या आराशीची.

माटोळीला लागणारं सामान आणायला पूर्वी घरातली मोठी माणसं पोरांना घेऊन रानात जायची. कांगणीचे घोस, कवंडळाची लालभडक फळं, फागलं, आंबाडे, घागऱ्या. घागरीची सुकलेली शेंग कानाशी हलवली की आतल्या बिया खुळखुळतात, हे पोराला कुणी शिकवावं लागत नाही, शेंग हातात आली की कळतं. कवंडळ दिसायला कितीही देखणं असलं तरी तोंडात घालायचं नाही, हे मात्र काकाने बजावून सांगायचं असतं. कुठल्या वेलीचा एक घोस घ्यायचा आणि बाकीचे पाखरांना ठेवायचे, तेही तिथेच समजतं. आता बहुतेक जण पणजी, म्हापसा, फोंड्याच्या बाजारातून जुड्या बांधून ठेवलेलं सामान आणतात. विकणाऱ्या बायकांची त्यावर चार पैशांची कमाई होते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मुलाला ते फळ कुठल्या झाडाच्या आधाराने चढतं ते कधीच दिसत नाही. मग आम्ही वर्गात माटोळीचं चित्र काढून घेतो, खाली नावं लिहून घेतो, आणि मुलं ती पाठ करतात. रोज रानाच्या कडेला खेळणारं मूल ती नावं पाठ करत नाही. त्याला जांभूळ कुठलं गोड आणि कुठलं तुरट तेही माहीत असतं आणि करवंदाचा काटा कसा चुकवायचा तेही.

वर्षातून एकदा बोंडल्याच्या अभयारण्यात किंवा चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात सहल काढणं चांगलंच. आम्हीही नेतो. पण तिथे मूल पाहुणं असतं. रांगेत चालायचं, हात लावायचा नाही, डबा खाऊन बसमध्ये चढायचं. घरामागच्या व्हाळात दगडांचा बांध घालून पाणी अडवणारं, तो वाहून गेला की पुन्हा घालणारं मूल जे शिकतं ते सहलीत मिळत नाही. पाणी कुठल्या फटीतून पळतं, पानं कोंबायची की चिखल लिंपायचा, मोठा दगड एकट्याला हलत नाही म्हणून कुणाला हाक मारायची. भांडणही होतं. होऊ द्या. दर भांडणात मोठ्यांनी पडलं तर मिटवायचं कसं हे पोरांना कधी येणार?

पालक मला भीती सांगतात आणि ती खोटी नाही. साप आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. म्हणून सुक्या पानांच्या ढिगात आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, काळोख पडायच्या आत घरी यायचं, हे नियम आधी पक्के करा. सत्तरीत 2015 साली पाळी गावात माकडतापाने माणसं दगावली. तो पसरवणारे गोचीड डिसेंबरपासून पावसापर्यंतच्या सुक्या दिवसांत जास्त असतात. त्या भागातल्यांनी तेव्हा मुलांना आत रानात नेऊ नये, अंगणात आणि मळ्यातच खेळू द्यावं. आणि पाण्याने भरलेल्या जुन्या चिरेखाणी! तिथे मोठ्यांशिवाय पोरांनी फिरकायचंच नाही. यावर मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

बाकीच्या भीतींना मात्र मी मान देत नाही. कपडे मळतात, धुता येतात. गुडघा खरचटतो, हळद लावली की बरा होतो. पावसात भिजलं की सर्दी होते म्हणून चार महिने दार लावून घेतलं, तर गोव्यात वर्षाचा एक तृतीयांश गेला. विजा कडाडत नसतील तर जुनी चड्डी घालून पोरांना पागोळ्यांखाली उभं करा, नंतर डोकं पुसून गरम पेज द्या.

"दोघंही नोकरीला, लक्ष कोण ठेवणार?" हा प्रश्न खरा. वाड्यावरच्या चार-पाच घरांनी वार वाटून घ्यावेत. एका संध्याकाळी एका घरचं कुणीतरी बाहेर खुर्ची टाकून बसेल. आजी असल्या तर फारच उत्तम, त्यांची नजर शंभर पावलांवर पोचते. बसणाऱ्याने मोबाइल घरात ठेवावा आणि पोरांच्या खेळात नाक खुपसू नये.

सगळ्यांत कठीण गोष्ट जागेची. कापणीनंतर ज्या मळ्यात पोरं क्रिकेट मारायची तिथे आज माती टाकून प्लॉट पडले. वाड्यावरची पायवाट कुंपणाने अडली. उरलेल्या रस्त्यावरून गाड्या इतक्या वेगाने जातात की मीही पोरांना एकट्याने पलीकडे जा म्हणणार नाही. हे एकेकट्या आईबाबांनी सुटणारं नाही. पंचायतीची ग्रामसभा रविवारी भरते, आणि तिथे गटार, कचरा, दिवे यांवर तासन्‌तास बोलणं होतं. पुढच्या वेळी दहा-पंधरा आईबाबांनी एकत्र जा. आपल्या वाड्यावर पोरांना खेळायला कुठली जागा राखून ठेवली आहे ते सर्व्हे नंबरासकट विचारा. पोरांना तिथवर चालत जायला वाट आहे का, शाळेजवळ गतिरोधक कधी घालणार, तेही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि जाताना पोरांना बरोबर न्या.