मेंदूत सगळं रेकॉर्ड होतं? नाही हो

"मेंदू म्हणजे 2.5 पेटाबाइटची हार्ड डिस्क, जन्मापासूनचं सगळं आत रेकॉर्ड आहे, काहीच पुसलं जात नाही, फक्त बाहेर काढायची टेक्निक हवी" हा मेसेज परत फिरतोय. पेटाबाइटचा आकडा सोडून द्या, तो अंदाज आहे, कोणी मोजलेला नाही. बाकीचं बघू.

एकच डिस्क? अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून एक जण होता, फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये ऑपरेशन करून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, बराचसा तुकडा काढला, आणि तेव्हापासून नवीन घडलेलं काही लक्षातच राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायला दिली. आधी पेन्सिल भलतीकडेच जायची, तीन दिवसांत हात छान बसला, पण त्याला मात्र हे आपण आधी केलंय हेच आठवत नव्हतं! म्हणजे हाताला सवय होणं वेगळं, घडलेलं आठवणं वेगळं, मेंदूत दोन्हीची व्यवस्था वेगळी. आपण सगळ्याला मेमरीच म्हणतो.

रेकॉर्डिंग म्हणाल तर 1974 चा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा प्रयोग बघा. अपघाताची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा स्पीड किती होता आणि काहींना विचारलं जोरात आदळल्या तेव्हा किती होता. आठवड्याने प्रश्न, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी "आदळल्या" ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, दुसऱ्या गटात 50 पैकी 7. आठवताना मेंदू घटना नव्याने जुळवतो आणि त्यात नंतर ऐकलेलंही मिसळतं.

संमोहनाने सगळं बाहेर येतं हेही नाही, त्याने माणसाची खात्री वाढते, आठवण खरी होत नाही.

आणि "काहीच पुसलं जात नाही" याचा मला खरंच राग येतो. आठवण टिकते ती पेशींमधल्या जोडण्यांवर आणि त्या जोडण्या बदलतात, तुटतात. अल्झायमर्समध्ये हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग लवकर खराब व्हायला लागतो, त्यामुळे आजीला सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नाही कारण ते बऱ्याचदा नीट साठलेलंच नसतं, आणि घरचे म्हणतात आठव ना, मुद्दाम करतेस. असं पेशंट असलेल्या घरात प्लीज हा मेसेज फॉरवर्ड करू नका.