पुसदबद्दलच्या फिरत्या मेसेजचा खुलासा

‘पुसदने 1952 पासून महाराष्ट्र विधानसभेत नाईकांना पाठवले, वसंतराव विदर्भातले पहिले मुख्यमंत्री, पुढे त्यांचा मुलगा सुधाकरराव मुख्यमंत्री झाला,’ असा मेसेज आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रुपवर फिरतो आहे. यात तीन चुका आहेत.

1952 ला महाराष्ट्र राज्यच नव्हतं. आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. वसंतराव त्या विधानसभेत गेले आणि तिथे महसूल उपमंत्री झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणून 1957 ची निवडणूक मुंबई विधानसभेची. महाराष्ट्राची पहिली 1962 ची. म्हणजे मतदारसंघ तोच, पण तीन निवडणुकांत विधानसभा तीन. मला तर हा इतिहास मेसेजमधल्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो, आणि तोच गाळला गेला.

विदर्भातले पहिले मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार, चंद्रपूरचे. नोव्हेंबर 1963 मध्ये पदावर असतानाच ते वारले. त्यानंतर डिसेंबरमध्ये वसंतराव आले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले. कन्नमवारांचं नाव असं पुसू नका.

सुधाकरराव (1991 ते 1993) हे वसंतरावांचे पुतणे, मुलगा नव्हे. मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर दुरुस्तीही टाका.