मिसेस जरा महाग

कालचा राग अजून उतरला नाहीये, म्हणून लिहून टाकतो. आमचं छोटं युनिट आहे, पुठ्ठ्याच्या फायली, बॉक्स फायली, नाड्या, म्हणजे सरकारी ऑफिसला जे रोज लागतं तेच. पण त्यांना फाईल विकायची तर आधी आपली फाईल जाडजूड पाहिजे. उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, जीएसटी, आयटी रिटर्न, सीएचं टर्नओव्हर सर्टिफिकेट, ई-टेंडरसाठी क्लास 3 ची डिजिटल सही, सगळं केलं. 2016 ला सुरू झालेल्या त्या सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर पण नाव आहे आपलं. तरी काल जिल्ह्याच्या एका ऑफिसात क्लार्कनं कागद चाळून विचारलं, "अनुभवाचा दाखला?"

"कसला?"

"सरकारी खात्याला माल पुरवल्याचा, तीन वर्षं."

"साहेब, पुरवायला मिळावा म्हणूनच आलोय."

"मग पुरवलात की घेऊन या."

मी म्हटलं, लघुउद्योगांसाठी 2012 चं खरेदी धोरण आहे, 25 टक्के खरेदी आमच्याकडून करायची, अनामत माफ, अनुभवाची अट शिथिल करता येते. तो म्हणाला, "ते केंद्राचं," आणि चहाला गेला.

बाहेर बाकड्यावर एक आण्णा बसलेले. कडक इस्त्री, मांडीवर रेक्झिनची बॅग. मला म्हणाले, "पाव्हणं, जरा इथं हात ठेवा, पंखा कागद उडवतोय." ठेवला. आण्णांनी बॅगेतून तीन लेटरहेड काढली, तीन शिक्के, तीन पेनं, आणि डोक्याला अजिबात ताण न देता कोटेशनं लिहायला घेतली. निळ्या पेनानं स्वतःचं, फाईल 38 रुपये. काळ्यानं मिसेसच्या नावाचं, 41. "मिसेस जरा महाग," असं वर मलाच सांगितलं. हिरव्यानं मेव्हण्याचं, तिथं अक्षर मुद्दाम डावीकडं कललेलं, कारण म्हणे तो डावखुरा आहे. मेव्हणा 44. मग शिक्के धडाधड, शाई पसरू नये म्हणून खाली माझीच फाईल. तुलनात्मक तक्त्यात एल-1, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि मी, घरचं काम टाकून, पॅन-आधारच्या स्वसाक्षांकित प्रती बगलेत धरून, माझ्याच स्पर्धकाच्या कोटेशनवर पेपरवेट म्हणून उभा! (चहाचंही विचारलं नाही त्यांनी, ते जाऊ दे.)

बरं, आण्णांची काही फॅक्टरी-बिक्टरी नाही. एक फाईल कधी चिकटवली नसेल त्यांनी. पण अनुभवाचे दाखले एवढे की लॅमिनेट करून ठेवलेत. चिडायचं तरी कोणावर, माणूस बोलायला इतका गोड.

सगळं आवरल्यावर माझी फाईल उचलून बघितली, पुठ्ठा वाकवला, क्लिप टकटक केली. "माल चांगलाय. तुम्हीच बनवता? केवढ्याला?"

"बावीस."

"वीस लावा. हजार पाठवून द्या."

"पैसे?"

"माझं बिल निघालं की."

मी म्हटलं, एमएसएमई म्हणजे लघु-मध्यम उद्योगांचा कायदा आहे 2006 चा, 45 दिवसांत द्यावे लागतात. आण्णांनी माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं, घरात लहान पोरगं पहिल्यांदा बोललं की बघतात तसं.

"मार्चमध्ये निघंल."

"कुठल्या मार्चमध्ये?"

"ते आपल्या हातात असतंय व्हय?" म्हणाले, आणि बॅग उचलून थेट आत, क्लार्क चहाहून यायच्या आधी त्याच्या टेबलाशी.