रायटिंगचा बँड अडतो कुठे?

भाची नर्स आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बीएस्सी नर्सिंग मात्र अख्खं इंग्रजीतून. आता यूकेला जायचं म्हणून आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या मागे लागलीये. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये 7 आणि रायटिंगमध्ये 6.5 बँड, म्हणजे गुण, लागतात. बाकीचं जमतं, रायटिंग 6 वर अडतं. घरात निदान ठरलेलं: मराठी मीडियमची ना, म्हणून.

मला हे साफ नामंजूर आहे. जी मुलगी ब्रिटिश माणसाचं भराभर बोलणं एकदाच ऐकून उत्तरं लिहिते, तिचं इंग्रजी कच्चं कसं?

रायटिंगच्या दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे टास्क टूमध्ये, साधारण 40 मिनिटांत किमान 250 शब्द लिहायचे. शहरात मोटारींना बंदी घालावी का, तुम्हाला कितपत पटतं, असले विषय. घोडं पेंड खातं ते इथे. 'तुला काय वाटतं' हे आपल्याकडे शाळेत विचारतं कोण? आमच्या वर्गात 'माझा आवडता ऋतू' लिहायला सांगितलं की झाडून सगळ्यांना पावसाळाच आवडायचा, तोही गाइडमधल्या त्याच वाक्यांत.

क्लासवाले याच सवयीवर धंदा करतात. भाचीला टेम्प्लेट दिलंय. 'इन धिस मॉडर्न एरा'ने सुरुवात, 'टू पुट इट इन अ नटशेल'ने शेवट, मध्ये विषय कोंबायचा. पाठांतर तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं हो! रायटिंगचे पाव गुण तर प्रश्नाला नेमकं उत्तर दिलंय का, स्वतःचं मत मांडलंय का, यालाच असतात.

परवा तिचं स्पीकिंग घेतलं. क्यू कार्डवर, म्हणजे विषयाच्या चिठ्ठीवर होतं, तुम्हाला मदत केलेली व्यक्ती. एक मिनिट तयारी, एक-दोन मिनिटं बोलायचं. हिने कुठल्याशा 'माय फ्रेंड राहुल'ची कहाणी लावली आणि मध्येच गप्प.

"राहुल कोण गं?"

"कोणी नाही मावशी, क्लासच्या नोट्समधला आहे."

म्हटलं, तुझ्या ड्यूटीवर पहिल्यांदा पेशंट गेला तेव्हा सोबत कोण होतं? मग त्या रात्रीच्या सिस्टरबद्दल इंग्रजीत जी सुटली, ती मलाच थांबवावी लागली. व्याकरण घसरलं एक-दोनदा. पण मी घड्याळ बघायचं विसरले होते.

परीक्षाही काही धुतल्या तांदळासारखी नाही. फी पंधरा हजारांच्या वर आणि निकाल चालतो दोनच वर्षं. शिवाय नर्सने मोटारबंदीवर निबंध लिहून पेशंटचं काय भलं होणार? ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा त्या मानाने शहाणी. केस नोट्स वाचून रेफरलचं नाहीतर डिस्चार्जचं पत्र लिहायचं, स्पीकिंगला पेशंटशी बोलायचा रोल-प्ले. यूकेची कौन्सिल तीही धरते. फी आयेल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे, पण ही रोज वॉर्डात दुसरं काय करते?

मी तिला तिकडे वळवतेय. ताई अडून बसलीये, कारण क्लासचे पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत. ओईटी देऊन गेलेली कोणी नर्स तुमच्या ओळखीत असेल तर ताईला एक फोन करायला सांगा. माझं ती ऐकत नाही.