सहा अंगठे

आज दुपारी आईचं अमेरिकेचं तिकीट काढलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. सोबत सहज लिहिलं की आता आपली सगळी माहिती विमान सुटायच्या 24 तास आधीच आपल्या इथल्या कस्टमकडे जाते. लगेच भाच्याचं उत्तर, "मावशी, आपल्याला लपवायचंय काय? घाबरतात ते चोर." त्याखाली सहा अंगठे.

तेव्हापासून डोकं तापलंय.

आईनं सोलापुरात तीस वर्षं विड्या वळल्या. बोटांवरच्या रेघा पार पुसल्यात. आधार काढताना मशीनवरच्या पोरानं तिला शिकवलं होतं, "आज्जी, बोट केसांत घासा, मग दाबा." 2014 ला बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली, तर तिथल्या विमानतळावर दहा बोटं काचेवर ठेवायला लावली. उमटेनात. त्या अधिकाऱ्याला मराठी येईना, हिला इंग्रजी. मग बाईनं आपणहून बोटं केसांतून फिरवली, तेल लावलं आणि पुन्हा दाबली. तरी नाही. वेगळ्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं. बाहेर बहीण आठव्या महिन्याचं पोट घेऊन उभी.

लपवायला काय होतं हो तिच्याकडे? शेंगाचटणी आणि डिंकाचे लाडू.

विमान कंपन्यांनी प्रवाशांची माहिती कस्टमला द्यायची, हा आपल्याकडचा नियम 8 ऑगस्ट 2022 चा. त्यात 19 बाबी आहेत. फोन नंबर, पैसे कुठल्या कार्डानं भरले, तिकीट कोणी काढलं, सोबत कोण, सीट कुठली, बॅगा किती. आई माळकरी, कांदा-लसूण चालत नाही म्हणून तिच्यासाठी जैन जेवण सांगते मी. व्हीलचेअरही. म्हणजे तिचे गुडघे आणि तिची माळ, दोन्ही त्या नोंदीत आलं. धर्म किंवा आरोग्य कळेल अशी माहिती वापरायची नाही, असंही नियमात लिहिलंय. लिहिलंय खरं! पाच वर्षं ठेवणार, मग नावं झाकणार, आणि गरज वाटली की झाकलेलं पुन्हा उघडणार. दुसऱ्या देशांच्या यंत्रणांनाही देता येणार. आणि आईबद्दल चुकीचं काही लिहिलं गेलं तर ते तिला कळणार कसं, दुरुस्त करायला जायचं कुठल्या खिडकीवर?

यातून सोन्याची तस्करी पकडली जाते, मान्य.

पण बँका बुडवून पळणाऱ्यांना अडवायला हे लागतं, हे कारण मला सांगू नका. मल्ल्या 2016 च्या मार्चमध्ये गेला तेव्हा त्याच्या नावाची नोटीस विमानतळावर होतीच. फक्त त्यात 'अडवा'चं 'कळवा' करून ठेवलं होतं. माहिती कमी पडली नव्हती तिथं! आणि जमवलेलं हे सगळं जपतं कोण? 2021 मध्ये एअर इंडियानं सांगितलं की जगभरातल्या 45 लाख प्रवाशांची माहिती फुटली. तेव्हा कुणी अंगठे दिले होते का? मोठ्यांना फोन करून निघता येतं. खोलीत बसते ती विड्या वळणारी बाई.

जाऊ दे. भाचा वाईट नाही. दर महिन्याला आईला रेशनला तोच नेतो, थंब लागेपर्यंत तिच्यासोबत रांगेत थांबतो, दुकानदाराशी भांडतो. म्हणून तर जास्त लागलं मला. रोज बघतो हा ती बोटं. (आणि हो, पुण्याहून दिल्लीला जाताना चेहरा दाखवून आत सोडणारी डिजीयात्रेची रांग मीही पकडते. हसा.)

आता 26 डिसेंबर 2025 पासून अमेरिकेनं परदेशी माणसाचा येताना-जाताना चेहरा टिपायचा नियम केलाय. 79 च्या पुढच्यांना असलेली सूटही त्यातून काढली. आईला 80 पूर्ण झाली.

संध्याकाळी तिला हे सांगायला गेले. मला वाटलं, घाबरेल. ती आधी दोन्ही अंगठे केसांत घासून दाखवत हसली. म्हटलं, अगं, बोटं नाही फक्त, फोटोपण काढतात आता.

तर कपाट उघडून बसलीय. विचारतेय, फोटोला इरकल नेसू की नारायणपेठ.