एक्स-मेन कुठल्या क्रमाने बघायचे: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, तुमची कमेंट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तरच लिहितेय. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. एक्स-मेन म्हणजे म्यूटंट्सच्या, जन्मतःच अचाट शक्ती घेऊन आलेल्या माणसांच्या पिक्चरची मालिका. ताईंनी माझं एक्स-मेनचं गाईड वाचून आठवीतल्या मुलीबरोबर पहिले तीन पिक्चर रिलीजच्या क्रमाने बघितले, तिसऱ्यात एकामागून एक माणसं मरायला लागली आणि मुलगी "आता उरलंय कोण बघायला" म्हणून मध्येच उठून गेली. ताईंचं म्हणणं असं की मी कथेतल्या सालांप्रमाणे बघायला सांगायला हवं होतं, गोष्ट सरळ कळली असती. शिवाय 'द लास्ट स्टँड', म्हणजे हाच तिसरा, यासारखा फसलेला पिक्चर 'चुकवू नका'मध्ये कशाला टाकला. आणि या मालिकेत मेलेले परत येतात, एकाच माणसाच्या दोन वेगळ्या हकिगती निघतात, तर गाईड कसलं लिहायचं, चांगले चार सांगून मोकळं व्हायचं.

सालांच्या क्रमाचं आधी बोलू. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण खरंच तसं लावायला बसलं की काय होतं बघा. सुरुवात करावी लागते 'एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरीन'पासून, कारण तो १८४५ मध्ये सुरू होतो. म्हणजे माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात कच्चा पिक्चर मुलीला पहिला दाखवायचा. बरं कच्चा आहे ते एकवेळ सोडा, तो लोगनचं, म्हणजे वुल्व्हरीनचं, सगळं आधीच सांगून टाकतो. २००० सालच्या पहिल्या पिक्चरमध्ये हा माणूस आपल्याला कसा भेटतो आठवा, कॅनडातल्या एका कळकट बारमध्ये पिंजऱ्यात मारामाऱ्या करून पैसे कमावतोय, गळ्यात मिलिटरीचा बिल्ला आहे आणि मागचं काही आठवत नाही. हाडांवर धातू कोणी चढवला ते त्याला माहीत नाही आणि आपल्यालाही नाही, आपण त्याच्याबरोबर शोधत जातो. मग दुसऱ्या पिक्चरमध्ये, 'एक्स-टू'मध्ये, अल्काली लेकला तो धातू चढवला ती टाकी दिसते, ते करणारा स्ट्रायकर समोर येतो, तेव्हा आपल्याही पोटात खड्डा पडतो. ओरिजिन्स आधी बघितला असेल तर हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि पडद्यावर फक्त लोगनच चाचपडत राहतो, मग दोन पिक्चरभर त्याचा शोध बघण्यात काय राहिलं सांगा.

तीच गोष्ट मॅग्नेटोची, लोखंड नुसत्या शक्तीने वाकवणाऱ्या व्हिलनची. पहिला पिक्चर १९४४ मध्ये पोलंडमधल्या नाझी छावणीत सुरू होतो, पाऊस, चिखल, आईवडिलांपासून तोडलेला लहान एरिक, म्हणजे पुढचा मॅग्नेटो, आणि त्याच्या आक्रोशाने वाकणारं लोखंडी फाटक. दोनेक मिनिटांचा सीन, पण नंतर इयान मॅकेलनचा म्हातारा मॅग्नेटो काहीही करो, तो मुलगा आपल्या डोक्यातून जात नाही. २०११ चा 'फर्स्ट क्लास' त्याच सीनने सुरू होतो, आणि मग थांबत नाही, त्या मुलाला छावणीतल्या एका खोलीत घेऊन जातो आणि तिथे काय झालं ते दाखवतो. अकरा वर्षं आपण ज्या माणसाला व्हिलन म्हणून ओळखलं त्याच्या आयुष्याचं हे दार आता उघडतंय, हे जाणवायला आधी तो म्हातारा भेटलेला असावा लागतो. १९६२ चा तरुण मॅग्नेटो, म्हणजे मायकेल फासबेंडर, आधी बघितला तर तो एक देखणा, सूडाने पेटलेला हिरो वाटतो, आणि त्याचा पुढे कोण होणार आहे याची जी भीती पिक्चरभर सोबत असायला हवी ती नसते.

आणि 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' कुठे ठेवणार? तो २०२३ मध्ये सुरू होतो आणि १९७३ मध्ये जातो, बराच वेळ दोन्हीकडे चालू असतो. १९७३ धरून 'फर्स्ट क्लास'नंतर लगेच लावला तर सुरुवातीलाच एक्स-मेनचा गुरू म्हातारा झेवियर, स्टॉर्म, बॉबी, किटी ही माणसं जिवावर उदार होऊन लढताना दिसतात आणि मुलगी विचारणार, ही कोण आहेत. हा पिक्चर आधीच्या सगळ्यांचं देणं फेडायला काढलाय, तो आधी बघून कसं चालेल? आपल्यापैकी कितीतरी जणांनी एक्स-मेन केबलवर मधूनच, हिंदी डबिंगमध्ये, मिळेल तो भाग असे बघितलेत, त्यामुळे क्रमाचं एवढं काय असं वाटणं मी समजू शकते. पण आता हातात रिमोट आहे आणि मुलगी पहिल्यांदा बघतेय तर तिला ते नीट मिळावं असं मला मनापासून वाटतं.

आता 'द लास्ट स्टँड'. तो फसलाय याबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही, गाईडमध्येही मी तेच लिहिलंय. पण तो का फसला हे बघितलं तर तो बघायला का सांगते तेही कळेल. पहिले दोन करणारा ब्रायन सिंगर 'सुपरमॅन रिटर्न्स' करायला निघून गेला, त्याच्या जागी आलेला मॅथ्यू वॉन शूटिंगच्या तोंडावर सोडून गेला, मग ब्रेट रॅटनर आला आणि मे २००६ ची तारीख गाठायची होती. जेम्स मार्सडेनही त्या सुपरमॅनमध्ये होता, आणि इथे त्याचा स्कॉट सुरुवातीलाच संपतो, धड निरोपसुद्धा मिळत नाही. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एका पिक्चरमध्ये कोंबल्या. जीन या एक्स-मेनमधल्या बाईची फिनिक्सची गोष्ट १९८० च्या कॉमिक्समधली, क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांची, तिथे ती कित्येक अंक चालते. आणि म्यूटंटपणावर 'औषध' निघण्याची गोष्ट २००४ च्या कॉमिकमधली. प्रत्येकीला स्वतंत्र पिक्चर हवा होता, इथे दोन्ही मिळून जेमतेम १०४ मिनिटांत उरकल्यात.

पण ताई, ती औषधाची गोष्ट मुलीबरोबर बसून बोलण्यासारखी आहे हो. 'एक्स-टू'मधला बॉबीच्या घरचा सीन आठवा, तो आईवडिलांना आपण म्यूटंट आहोत हे सांगतो आणि आई विचारते की म्यूटंट न राहण्याचा प्रयत्न करून बघितलास का. पोरगं जसं आहे तसं चालत नाही हे आई किती साध्या आवाजात बोलून जाते. 'लास्ट स्टँड' तोच प्रश्न पुढे नेतो, आता खरंच सुई टोचून 'बरं' होता येतं, मग काय करायचं? स्टॉर्म म्हणते आपल्यात बरं करण्यासारखं काही नाहीच. पण स्टॉर्मला कोणाला हात लावायची भीती नाही, रोग (Rogue) नावाच्या मुलीला आहे, तिने कोणाला स्पर्श केला तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. तिने औषध घेतलं तर ती भित्री का? आठवीतल्या मुलीला या प्रश्नावर काय वाटतं ते विचारा, मला खात्री आहे तिला म्हणायचं असेल काहीतरी. एवढं मोठं काही हातात असताना पिक्चरने ते गोल्डन गेट ब्रिज उचलण्याच्या धांदलीत घालवलं याचं मला आजही वाईट वाटतं, पण प्रश्न तिथे आहे आणि तो दुसऱ्या कुठल्या भागात इतका थेट येत नाही.

दुसरं, शेवटी लोगनला जीनच्या बाबतीत जे करावं लागतं ते त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरवतं. २०१३ चा 'द वुल्व्हरीन' जपानमध्ये घडतो पण अर्धा त्याच्या स्वप्नात घडतो, जीन रोज रात्री येऊन बसते. 'लास्ट स्टँड' गाळला तर ही बाई कोण आणि हा माणूस जंगलात दाढी वाढवून का राहतोय, काही कळत नाही. आणि 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'चा शेवट मी सांगणार नाही, पण त्यातली शेवटची काही मिनिटं लोगनचा चेहरा बघा. त्याला काय वाटतंय हे ज्यांनी तिसरा भाग सहन केलाय त्यांनाच पूर्ण कळतं.

मुलगी मध्येच उठली म्हणजे क्रेडिट्सनंतरचा सीन राहिला असणार, तेवढा तरी दाखवा. त्याच पिक्चरमध्ये आधी झेवियर वर्गात मुलांना एक पेशंट दाखवतो, मेंदू जवळपास बंद पडलेला, आणि विचारतो की मरणाऱ्या माणसाचं मन या शरीरात घालणं योग्य की अयोग्य. तो वर्ग नीट ऐका आणि मग शेवटचा सीन बघा. झेवियर पुढे कसा दिसतो याचं जेवढं काही उत्तर या मालिकेत आहे ते तिथे आहे.

आता विसंगती. त्या आहेत, खूप आहेत, आणि कुठल्याही क्रमाने लावल्या तरी जात नाहीत, म्हणून तर सालांचा क्रम माझ्या दृष्टीने निरुपयोगी आहे. पहिल्या पिक्चरमध्ये झेवियर सांगतो की एरिक त्याला सतराव्या वर्षी भेटला, 'फर्स्ट क्लास'मध्ये ते १९६२ ला चांगले मोठे झाल्यावर भेटतात. 'लास्ट स्टँड'च्या सुरुवातीला दोघं मिळून लहान जीनच्या घरी जातात आणि झेवियर स्वतःच्या पायांवर चालतोय, 'फर्स्ट क्लास'च्या हिशोबाने तोपर्यंत तो कितीतरी वर्षं खुर्चीत असायला हवा. मोइरा नावाचं पात्र एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे सीआयएची. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'ने १९७३ पासून इतिहास बदलून बरंच सावरलं, पण १९७३ च्या आधीचे घोळ त्यानेही सुटत नाहीत. कारण साधं आहे, फॉक्स स्टुडिओकडे या पात्रांचे हक्क होते पण सुरुवातीपासून आखलेला मोठा आराखडा नव्हता, जो डायरेक्टर आला त्याने आपला पिक्चर केला. यात मला वाईट जेवढं दिसतं तेवढंच चांगलंही दिसतं, कारण याच मोकळीकीमुळे 'लोगन'सारखा पिक्चर होऊ शकला, ज्याला कुठल्या पुढच्या भागाची जाहिरात करायची नव्हती.

मग चांगले चारच का नाही सांगितले? कुठले चार? 'एक्स-टू', 'फर्स्ट क्लास', 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट', 'लोगन', बहुतेक फॅन हेच म्हणतील आणि मीही म्हणेन. पण 'लोगन' हा दोन थकलेल्या माणसांचा पिक्चर आहे. ह्यू जॅकमन २००० मध्ये ऐनवेळी या रोलमध्ये आला, आधी ठरलेला डग्रे स्कॉट दुसऱ्या पिक्चरमध्ये अडकला म्हणून, आणि २०१७ पर्यंत तोच लोगन राहिला. झेवियर करणारा पॅट्रिक स्टुअर्टही तसाच. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू म्हातारपणी आजारी पडतो आणि ज्या रागीट माणसाला त्याने आसरा दिला तो आता त्याला औषधं देतोय, उचलून अंथरुणावर ठेवतोय. त्या दोघांचं वय आपल्यासमोर वाढलेलं असतं म्हणून ते एवढं लागतं. सुपरहिरोच्या पिक्चरला पटकथेचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं ते उगाच नाही.

गाळायचे म्हणाल तर 'ओरिजिन्स' बिनधास्त गाळा. 'द न्यू म्यूटंट्स' २०१८ चा लांबत लांबत २०२० ला आला, नाही बघितला तरी काही अडत नाही. 'डार्क फिनिक्स' २०१९ चा, तीच जीनची गोष्ट परत, लिहिणारा सायमन किनबर्ग 'लास्ट स्टँड'च्याही लेखकांपैकी एक आणि यावेळी डायरेक्टरही तोच. पण ही नवी जीन आपल्याला आदल्याच पिक्चरमध्ये भेटलेली, तिच्यासाठी जीव तुटावा एवढी ओळखच होत नाही. कॉमिक्समध्ये ही गोष्ट आली तेव्हा जीन वाचकांना १९६३ पासून माहीत होती.

तुम्ही आता जिथे थांबलात तिथून पुढे 'फर्स्ट क्लास' लावा, मुलीचा मूड तिथेच बदलेल, सगळे तरुण आहेत, क्यूबाचं क्षेपणास्त्र संकट आहे, शाळेत शिकतात ते पडद्यावर दिसतं. मग 'द वुल्व्हरीन', त्याच्या क्रेडिट्समधला एअरपोर्टचा सीन चुकवू नका, तो थेट पुढच्यात जातो. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'मध्ये विजेच्या वेगाने पळणाऱ्या क्विकसिल्व्हरचा पेंटॅगॉनच्या किचनमधला सीन आला की ती परत मागे नेऊन बघणार. त्यानंतर हवा तर 'अपोकॅलिप्स'. 'लोगन' आणि डेडपूलचे सगळे पिक्चर मात्र आत्ता तिला दाखवू नका. अमेरिकेतही त्यांना आर रेटिंग आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय सोडत नाहीत, 'लोगन'मध्ये तिच्याच वयाच्या आसपासची मुलगी जे करते आणि जे बघते ते फार रक्तबंबाळ आहे, ती मोठी होईपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही. २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' तर 'लोगन'च्या आधी कोणीच बघू नका, पहिल्याच सीनमध्ये 'लोगन'चा शेवट उघडा पडतो. आणि 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'ची रोग कट नावाची लांब आवृत्तीही मिळते, पहिल्यांदा बघताना थिएटरवालीच लावा, रोग कट नंतर कधीतरी.